घासून लख्ख केलेलं नाणं

बी.एस्सी.ला असताना मी एक उद्योग केला होता. मामांच्या डब्यात पणजोबांच्या वेळेपासून पडून असलेलं शिशाचं एक जुनं नाणं होतं. जड, मळकट, राखाडी. मी ते चिंचेच्या कोळात भिजवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासलं, देवाची तांब्याची भांडी घासतात तसं. थोड्या वेळात नाणं चकाकायला लागलं आणि एका बाजूला धनुष्यबाण उठून दिसला. मामा खूश, मी त्याहून खूश. आज माझी पीएच.डी. धातू कसे गंजतात या विषयावर चालू आहे, आणि ते नाणं आठवलं की पोटात कसंतरी होतं. का, ते शेवटी सांगते.

आज मला टीका करायची आहे ती नाणी बघण्याच्या एका सवयीवर. ही सवय आली ग्रीक आणि रोमन नाण्यांच्या संग्रहातून, आणि आता आपल्याकडची नाणीही आपण त्याच नजरेनं तोलतो. सवय अशी: आधी चेहरा बघायचा. नाक शाबूत आहे का? केसांच्या बटा दिसतात का? अक्षरं पूर्ण आहेत का? चित्र नाण्याच्या मधोमध बसलंय का? यावर नाण्याची प्रत ठरते आणि प्रतीवर किंमत.

ही नजर उगाच तयार झालेली नाही. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावरचं मोठ्या डोळ्यांचं घुबड किंवा सिराक्यूजच्या नाण्यावरची अरेथुसा आणि तिच्याभोवतीचे डॉल्फिन एकदा नीट बघा. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या धातूत एवढं काम! रोमन नाण्यांत तर 'बारा सीझर' पूर्ण करायचे हे कित्येक संग्राहकांचं स्वप्न असतं. ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत प्रत्येकाचं एक नाणं. म्हणजे जवळजवळ फोटोंचा अल्बमच. या सौंदर्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते सौंदर्यालाच एकमेव मोजपट्टी करण्याशी. ती पट्टी दख्खनला लावली की सगळ्यात जास्त बोलणारी नाणी सगळ्यात खालच्या खणात जातात.

कोल्हापूरकरांना हे ग्रीक-रोमन जग तसं परकं नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती होती आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांचं अस्सल इथलं शिल्पही होतं. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेलात की पोसायडन बघायला सगळे थांबतात. पण तो आणि हत्ती एकत्र होते, हीच खरी बातमी आहे. नाण्यांचंही असंच आहे. चित्र कुठून आलं यापेक्षा ते इथं आल्यावर त्याचं काय झालं, हा जास्त चांगला प्रश्न आहे.

पहिलं उदाहरण रोमन नाण्याचंच घेऊ. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीच्या नाण्यांत, म्हणजे दिनारांत, दोन प्रकार सतत भेटतात. एक ऑगस्टसचा. त्याच्या मागच्या बाजूला गायस आणि लुशियस हे त्याचे दत्तक नातू ढाली-भाले घेऊन उभे आहेत. दुसरा टायबेरियसचा, मागे बसलेली स्त्री. पहिल्या नाण्याचा रोममधला अर्थ सरळ होता: हे माझे वारस. पण लुशियस इसवी सन २ मध्ये गेला आणि गायस इसवी सन ४ मध्ये. चित्रातला निरोपच संपला. तरी ही नाणी भारतात येत राहिली, आणि इथं त्यांच्या नकलाही झाल्या. इथं त्या दोन मुलांशी कुणाला काय देणंघेणं? भरवसा होता तो ओळखीच्या छापावर आणि चांदीवर. भारतातल्या बऱ्याच रोमन नाण्यांवर थेट सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव दिसतो. तो चांदी तपासण्यासाठी होता, नाणं चलनातून बाद करण्यासाठी होता की आणखी कशासाठी, यावर अभ्यासकांत वाद आहे. संग्राहकाच्या भाषेत मात्र ते 'खराब झालेलं' नाणं. माझ्या मते तो घाव म्हणजे त्या नाण्यावरची भारतीय सही आहे. रोममध्ये राहिलेल्या गुळगुळीत नाण्याकडे ती नाही.

दुसरं उदाहरण नहपानाचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. भरुचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस यांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात, अशी नोंद त्यानं केली आहे. मिनँडर म्हणजे आपण ज्याला मिलिंद म्हणून ओळखतो तो राजा. क्षहरात क्षत्रप नहपानानं चांदीची नाणी काढली ती या ओळखीच्या धर्तीवर. पुढे चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. गंमत अशी, की ग्रीक अक्षरांत ग्रीक भाषा नाहीच. ‘राजा क्षहरात नहपानाचं’ हाच प्राकृत मजकूर ग्रीक लिपीत लिहिलाय. आपण व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो ना, अगदी तसं! पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ती अक्षरं नुसती नक्षी होऊन बसली.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं नहपानाच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. त्याचा अभ्यास रेव्हरंड स्कॉट यांनी केला. नाव एकच, पण चेहरे वेगवेगळे. कुठं तरुण, कुठं म्हातारा, कुठं नाकच निराळं. एकाच माणसाचे हे चेहरे असणं कठीण, असं त्यांना वाटलं आणि घराण्यातल्या इतरांचे असावेत असा तर्क त्यांनी केला. मला दुसरी शक्यता जास्त पटते: साचा कोरणाऱ्याला 'नाण्यावर चेहरा लागतो' एवढंच ठाऊक होतं, चेहरा कुणाचा हे नाही. दोन्हींतलं काहीही खरं असो, नाण्यावरचा चेहरा म्हणजे फोटो हा अल्बमवाला समज इथं कोसळतो.

त्याच साठ्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारला होता. शत्रूच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, मागे उज्जैन चिन्ह. वितळवून नवी नाणी पाडायच्या भानगडीत न पडता जुन्यावरच ठोका. नहपानाचं नाक डोंगराखालून डोकावतं आणि दोन्हींची अक्षरं एकमेकांत अडकतात. सुंदर म्हणावं असं त्यात काही नाही. पण कोण आधी, कोण नंतर आणि कुणी कुणाला हरवलं, हे त्या एका तुकड्यात आहे. त्यापुढची गंमत बघा. ज्यांनी चेहऱ्यावर छाप मारला त्याच सातवाहनांच्या घराण्यात पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांनी चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे चेहरे छापले. चेहरा नकोसा नव्हता, दुसऱ्याचा नकोसा होता. याला नुसता 'परकीय प्रभाव' म्हणून सोडून देणं मला आळशीपणाचं वाटतं. प्रभाव हा पावसासारखा पडत नाही. इथल्या लोकांनी काय घ्यायचं, काय मोडायचं हे ठरवलं होतं.

आता तिसरं उदाहरण, घरचं. कोल्हापूर परिसरात 'कुर' राजांची नाणी मिळतात, शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची. त्यावर चेहरा नाही. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. नावं वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. त्यांचा क्रम कसा कळला? कुठल्या ग्रंथातून नाही. सिवलकुरानं वासिठीपुताच्या नाण्यांवर पुन्हा छाप मारला होता, आणि गोतमिपुतानं आधीच्या दोघांच्याही. म्हणजे आपल्या गावच्या तीन राजांची वंशावळ म्हणा, निदान रांग म्हणा, फक्त वेड्यावाकड्या, डबल छापाच्या नाण्यांमुळे उभी आहे. स्वच्छ, एकाच छापाचं नाणं इथं काहीच सांगत नाही.

आता संग्राहकांची बाजूही घ्यायला हवी. ही नाणी वाचणाऱ्या पंडित भगवानलाल इंद्रजींचा स्वतःचा मोठा संग्रह होता, आणि तो त्यांनी ब्रिटिश म्युझियमला ठेवला. संग्राहक नसते तर अर्धी नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती. शिवाय वरवर बघण्याची चूक आम्ही विज्ञानवालेही करतो. एक्सआरएफ हे क्ष-किरणांचं यंत्र नाण्यावर धरलं की चांदी किती टक्के ते लगेच येतं. पण ते बघतं फक्त वरची पातळ कातडी. चांदी-तांब्याच्या मिश्रणातलं पृष्ठभागाजवळचं तांबं आधी निघून जातं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. नीरोनं इसवी सन ६४ च्या सुमारास दिनारातली चांदी कमी केली. तो बदल नुसत्या पृष्ठभागावरून मोजायला गेलं की फसगत होते. आम्हीही चेहऱ्यालाच भुलतो, फक्त आमच्याकडे यंत्र असतं.

म्हणून तुमच्याकडे किंवा ओळखीत जुनी नाणी असतील तर तीन गोष्टी. एक, घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर मुळीच नको. दोन, शिशाची नाणी लाकडी किंवा प्लायवूडच्या खणात ठेवू नका. लाकडातून सेंद्रिय आम्लांची वाफ निघते आणि शिशाची पांढरी भुकटी होते. तीन, नाणं कुठं, कशाबरोबर मिळालं ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. जमिनीत नव्यानं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. साठा फुटून एकेक नाणं विकलं गेलं की रांग लावणारा पुरावाच हरवतो.

आता मामांचं नाणं. शिसं गंजतं तेव्हा मूळ पृष्ठभागाची बारीक खूण बऱ्याचदा गंजाच्या थरातच टिकलेली असते, खालच्या धातूत नाही. तो थर मी ब्रशनं काढून मोरीत सोडला. धनुष्यबाणाखाली आणखी कुणाचा छाप होता का? एखादं अर्धं अक्षर? आज प्रयोगशाळेतलं कुठलंच यंत्र ते परत आणू शकत नाही. मामा अजून ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात, "भाचीनं कसं लख्ख केलंय बघा." मी हसते आणि चहा आणायला आत जाते.