व्यायामसायकलीतील प्लॅस्टिकची बेअरिंगे : एक परीक्षण

एकाच जागी राहून चालविण्याच्या व्यायामसायकलीत छऱ्यांच्या बेअरिंगांऐवजी प्लॅस्टिकची साधी बेअरिंगे, म्हणजेच बुश, सर्वत्र वापरावीत, असा पक्ष हिरिरीने मांडला जातो. या पक्षात तथ्य आहे. परंतु तो सरसकट स्वीकारण्याजोगा नाही.

प्रथम गुणांचा विचार. नायलॉन, ॲसिटाल इत्यादींच्या बेअरिंगांना वारंवार तेल घालावे लागत नाही, घामातील क्षारांनी ती गंजत नाहीत, आणि त्यांचा आवाजही अल्प असतो. हलत्या हँडलाचा सांधा पूर्ण फेरा न घेता मागेपुढे झुलतो. तेथे तर ती सरस ठरतात. कारण तोकड्या झोक्यात छरे त्याच त्या जागी हलत राहून वंगण दूर सारतात व कड्यावर खाचा पाडतात. बैठकीच्या सरकत्या दांडीसही प्लॅस्टिकच योग्य. येथवर वाद नाही.

मतभेद सुरू होतो तो प्रचक्राच्या आसापाशी. पायडलाचे मिनिटास ८० फेरे व वेगवाढ चौपट धरल्यास प्रचक्र ३२० फेरे घेते. आसाचा व्यास २० मिलिमीटर, भार ५०० न्यूटन आणि कोरड्या बुशाचा घर्षणगुणांक ०.१५ मानला, तर या घर्षणात सुमारे २५ वॅट शक्ती खर्ची पडते. छऱ्यांच्या बेअरिंगांत ती पाव वॅटच्या आसपास असते. १०० वॅट श्रम करणाऱ्याच्या दृष्टीने हा चौथा हिस्सा होय. शिवाय नायलॉनची उष्णतावाहकता पोलादाच्या सुमारे दोनशेवा भाग असल्याने ही उष्णता सहज बाहेर पडत नाही.

नुसत्या व्यायामापुरती ही हानी क्षम्य म्हणता येईल, कारण तेथे रोध हवाच असतो. श्रममापनात मात्र ती क्षम्य नाही. फॉन ड्योबेल्न यांनी १९५४ साली वर्णिलेल्या सायकल-श्रममापकात प्रचक्रावरील पट्ट्याचा रोध मोजला जातो. बेअरिंगांतील व्यय त्यात येत नाही. तो व्यय स्थिर असता, तर दुरुस्तीचा आकडा लावून भागले असते. परंतु प्लॅस्टिकचे घर्षण तापमानानुसार बदलते. नायलॉन तर दमट हवेत पाणी शोषून फुगते व आसाभोवतीची फट कमी करते. मग उन्हाळ्यात व पावसाळ्यात घेतलेल्या नोंदींची तुलना कशाच्या आधारे करावयाची? अशा नोंदींवरून रुग्णांच्या हृदयाची क्षमता अजमावली जाते, हे विसरता कामा नये.

सारांश, झुलत्या व सरकत्या भागांत प्लॅस्टिक आणि अखंड फिरणाऱ्या भारवाही आसांवर छरे, ही विभागणीच ग्राह्य ठरते.