ठाऊक असलेल्या गोष्टीचा रस

शिमग्यात लांज्याकडच्या एखाद्या वाडीत नमन उभं राहतं, तेव्हा समोर बसलेल्या कुणालाच पुढे काय होणार ते विचारावं लागत नाही. गण होणार, संकासुर येणार, गवळणींची वाट अडवली जाणार, मावशी हटून बसणार आणि मग वग सुरू होणार. तरी माणसं पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाहीत. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. जीव गुंतलेला असतो तो यंदा ती कशी रंगते यात. संकासुराची चाल गेल्या वर्षीइतकी दमदार आहे का, मृदंगावरचा हात कुठे थांबतो आणि कुठे सुटतो, रावणाचं लाकडी सोंग अंगावर पेलून नाचणारा किती वेळ टिकतो, याची चर्चा पुढे आठवडाभर पारावर चालते. या प्रेक्षकाइतका कठोर आणि तितकाच प्रेमळ समीक्षक मला दुसरीकडे भेटलेला नाही. २०२५ साली आलेले तीन चित्रपट मी त्याच्याच शेजारी बसून पाहिल्यासारखे पाहिले: एक अॅनिमेशनचा, एक युद्धाचा आणि एक प्रेमाचा. तिन्हींमध्ये काहीतरी आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्याचं दिग्दर्शक काय करतो यावर त्यांचं यश ठरतं.

अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ २५ जुलै २०२५ला आला. प्रल्हादाची गोष्ट कोकणी माणसाला शिकवावी लागत नाही. फाल्गुनी पौर्णिमेला होळीचं झाड नाचवत आणून उभं करायचं, होम पेटवायचा, फाका घालायच्या. होलिका दरवर्षी आपल्या डोळ्यांदेखत जळते. त्यामुळे पडद्यावर प्रल्हादाला मांडीवर घेऊन ती आगीत बसते, तेव्हा आपल्या अंगाला होमाची धग आधीच लागलेली असते. चित्रपटाला हा प्रसंग मोठा करून सांगण्याची गरज नव्हती, पण तो नीट सांगितला आहे.

पूर्वार्धाबद्दल मला तक्रार आहे. दिती, कश्यप, दरबारातली माणसं यांचे चेहरे मेणाचे वाटतात. डोळे हलतात, पण नजर हलत नाही. वराह आणि हिरण्याक्ष यांच्या युद्धापासून मात्र चित्रकारांचा हात मोकळा होतो, कारण तिथे माणसाच्या चेहऱ्याची अडचण उरत नाही. पशू, पाणी, पृथ्वी, प्रचंड आकार यांत अॅनिमेशनला जे साधतं ते नटाला घेऊन साधणं कठीण. देवाला नटाने देह दिला की त्या नटाचा चेहरा आधीच्या चार भूमिका घेऊन येतो. रेषेतून घडलेल्या नरसिंहाला मागची ओळख नसते. तो त्याच क्षणी पहिल्यांदा जन्मतो, खांबातून. या कथेला हे माध्यम का शोभतं याचं उत्तर मला इथे सापडलं.

हिरण्यकशिपूला मिळालेल्या वराच्या अटी आठवा. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, भूमीवर नाही, आकाशात नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही. प्रेक्षक या अटी मनात मोजत बसलेला असतो. खांब फुटल्यावर दिग्दर्शक घाई करत नाही, लांबलचक झुंज रंगवतो, आणि आपण मात्र उंबरठ्याची वाट पाहत राहतो. तो उंबरठा, ती तिन्हीसांज, ती मांडी, ती नखं एकेक करून जागेवर येतात तेव्हा तालाची सम सापडावी तसं होतं. त्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी मेणाचे चेहरे मी माफ केले. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्यांना पडद्यावर चालवलं होतं. त्या परंपरेला इतक्या मोठ्या आकाराचं काम मिळायला शंभरावर वर्षं जावी लागली. ‘महावतार’ मालिकेतला पुढचा चित्रपट परशुरामावर आहे आणि तो २०२७ साली यायचा आहे. परशुरामाच्या भूमीतल्या माणसांनी त्याच्याकडून जरा जास्तच अपेक्षा ठेवावी.

‘छावा’चं प्रकरण आमच्या आणखी जवळचं आहे. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला, लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ला लागला. १ फेब्रुवारी १६८९ला संभाजीराजे पकडले गेले ते आमच्याच जिल्ह्यात, संगमेश्वरला. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. या दोन तारखा इथल्या माणसाच्या मनात इतक्या खोल रुतल्या आहेत की चित्रपटातला प्रत्येक विजय पाहताना आत कुठेतरी संगमेश्वर जवळ येत असतं. बुऱ्हाणपूरच्या छाप्याने सुरुवात होते, विकी कौशल सिंहाशी भिडतो, आणि आपण टाळ्या वाजवतानाही बेचैन असतो. या बेचैनीचा उतेकरांनी जितका उपयोग करायला हवा होता तितका केलेला नाही. पार्श्वसंगीत आणि गर्जना सतत आपल्याला सांगत राहतात की आता स्फुरण चढू द्या. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याला इतकं सांगावं लागत नाही.

या गदारोळात अक्षय खन्नाचा औरंगजेब मात्र खालच्या आवाजात बोलतो. वाकलेला, थकलेला, नजर हातातल्या कामावर ठेवून समोरच्याचं मरण ठरवणारा. बाकी सगळे पडदा भरून टाकतात आणि हा पडद्याचा एक कोपरा धरून बसतो, तरी नजर त्याच्याकडेच जाते. भीती कशी उभी करावी याचा तो वस्तुपाठ आहे.

आणि एक प्रसंग मला फार मोलाचा वाटला. कैदेत साखळदंडांनी जखडलेले संभाजीराजे आणि विनीत कुमार सिंहचा कवी कलश एकमेकांना काव्यातून साद घालतात. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा राजा चित्रपटभर तलवारीमागे झाकला गेला होता. तो इथे, हात बांधलेले असताना, पुढे येतो. शरीर शत्रूच्या ताब्यात गेलं तरी दोन मित्रांमधला काव्याचा व्यवहार शत्रूला थांबवता येत नाही. यानंतर यातनांचं जे दीर्घ चित्रण येतं, त्याने या प्रसंगावर भर पडत नाही. उलट तो पुसट होतो. रक्ताची मात्रा वाढवली की करुणही वाढतो, हा आपल्या युद्धपटांचा समज मला कधीच पटलेला नाही.

आणखी एक हळहळ आहे. संगमेश्वर तालुक्यातलं शृंगारपूर हे येसूबाईंचं माहेर. पकडले गेले तो मुलूख राजांच्या सासरचा होता, पायाखालचा होता. कसब्याची नदी, कर्णेश्वराचं देऊळ, एकमेकांत शिरलेले डोंगर हे सगळं पाहिलेल्या माणसाला पडद्यावरचं संगमेश्वर अनोळखी वाटतं. तिथे लढाई आहे, गाव नाही. ज्या वाटा घरच्या त्या वाटांवर घात झाला, हे दुःख निसर्गातून सांगता आलं असतं.

प्रेमकथांमध्ये त्या वर्षी सगळीकडे बोलबाला झाला तो मोहित सूरी यांच्या ‘सैयारा’चा. गाणी श्रवणीय, नवी जोडी टवटवीत, बाकी वाट मळलेली. मला ज्या प्रेमकथेबद्दल बोलायचं आहे तिच्यात एकही गाणं नाही, पार्श्वसंगीतही नाही.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलं, आणि १९ सप्टेंबरला तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर नगर जिल्ह्यातल्या गावी येतो आणि दहा दिवस राहतो. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. बाळ्या शेती करतो, शेळ्या राखतो. दोघांमध्ये जुनं काहीतरी आहे, ते पुन्हा उमलतं. कथा म्हणून एवढंच.

इथे प्रेक्षकाला ठाऊक काय असतं? ते दहा दिवस. चाकरमान्यांच्या तालुक्यात वाढलेल्या माणसाला या चित्रपटाचं वेळापत्रक कुणी सांगायला नको. मुंबईचा मुलगा येतो, उंबऱ्यात माणसं जमतात, कुणीतरी वडीलधारा नियम सांगू लागतो: कुठे बसायचं, काय खायचं, पायात काही घालायचं नाही. मग हळूहळू रडणं ओसरतं आणि विचारपूस सुरू होते. पगार किती, खोली स्वतःची का, लग्नाचं काय. बाप गेला की वर्षाच्या आत मुलाचं लग्न उरकावं असं आपल्याकडे म्हणतातच, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नाला सुतकात धार चढते. कानवडे यांनी हे सगळं कॅमेरा जागेवर ठेवून दाखवलं आहे. चौकटीत माणसं येतात, बसतात, उठून जातात. कॅमेरा कुणाच्या मागे धावत नाही. सुतकातला माणूस जसा एका जागी बसून राहतो तसा तोही बसून राहतो. आनंदला उठून जायची सोय नाही आणि म्हणून आपल्यालाही नाही.

या बसून राहण्यातून प्रेम कसं वाट काढतं, ते बघण्यासारखं आहे. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची बोंडं घेऊन येतो. काट्यांतून काढलेलं, साफ केलेलं, हातावर ठेवलेलं ते फळ. एखाद्या पुरुषाने पुरुषासाठी एवढी निगुतीची गोष्ट केलेली आपल्या पडद्यावर फारशी दिसत नाही. दोघं झाडाखाली आडवे होतात, शेळ्या चरत असतात, बोलणं थोडकं. संगीत नसल्यामुळे पाखरांचा आवाज, पाचोळ्यावरचं पाऊल आणि श्वास हेच ऐकू येतं, आणि हा क्षण प्रेमाचा आहे असं बाहेरून कुणी सुचवत नाही. ते आपण ओळखायचं असतं. भूषण मनोजचा आनंद सतत थोडा आकसलेला असतो. सूरज सुमनचा बाळ्या मात्र मोकळा, हसरा, आणि त्याच्याही डोळ्यांत गावात एकटं राहिल्याचा शीण आहे. शहरात गेलेला सुटला आणि गावातला अडकला अशी सोपी वाटणी चित्रपट करत नाही, हे त्याचं मोठेपण.

पण माझ्या मते चित्रपटाचा कणा आहे जयश्री जगताप यांनी साकारलेली आई. नवरा गेल्याचं दुःख स्वतःचं, नातेवाइकांच्या प्रश्नांपासून मुलाला आडोसा द्यायची जबाबदारीही तिची. मुलाबद्दल तिला सगळं माहीत आहे, आणि चारचौघांत ती त्याला सांभाळून घेते. तिच्या तोंडी एकही भाषण नाही. अशी बाई लांज्याच्या कुठल्याही घरात चुलीपुढे भेटेल. जिला विचारलं तर म्हणेल, मला त्यातलं काय कळतंय, आणि तिला सगळं कळलेलं असतं. ही कथा कानवडे यांना स्वतःच्या वडिलांच्या जाण्यानंतर गावी काढलेल्या दिवसांत सुचली. आईच्या भूमिकेतला खरेपणा मला त्या अनुभवाचाच वाटतो.

असा चित्रपट मोठ्या शहरांतल्या मोजक्या पडद्यांवर येतो आणि निघून जातो. तो मे महिन्यात, घरं चाकरमान्यांनी भरलेली असताना, लांज्यात दाखवायला हवा. नमनाचा प्रेक्षक त्याला नक्की पुरा पडेल. रात्रभर सोंगं बघणाऱ्या आणि एका चुकलेल्या ठेक्यावर मान हलवणाऱ्या माणसांना पावणेदोन-दोन तासांची शांतता जड जाणार नाही. दहा दिवसांचे नियम त्यांना पाठ आहेत. त्या नियमांच्या फटीतून बाळ्या कसा येतो, हे ते बरोबर हेरतील, आणि पारावर त्याची चर्चा होईल ती आईबद्दलच होईल असं मला वाटतं.