खोटं न बोलता मिळालेला धीर

जव्हार-मोखाड्यात मरणावर बोलायचं तर सुरुवात थाळगानापासूनच करावी लागेल. घरातलं माणूस गेल्यावर कार्याच्या रात्री थाळीचा तो घुमणारा आवाज तुम्ही ऐकला आहे. कथा चालते, माणसं जागतात. मरण म्हणजे काय, हे तिथं कुणी समजावत नाही. तरी पहाटे मन थोडं हलकं होतं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एपिक्युरस म्हणतो, मरण असतं तिथं आपण नसतो, मग भीती कसली? युक्तिवाद चोख आहे, पण तो मरणाऱ्यासाठी. मागं राहणाऱ्याचं काय?

या प्रश्नासाठी मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतो. बाई तुमच्या शेजारच्या नाशिककडच्या. त्यांनी नवरा दोनदा गमावला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण घरात असा माणूस गेल्यातच जमा. काही वर्षं दोघं वेगळी राहिली, मग संसार पुन्हा जुळला आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या. ९ मे १९१९ रोजी टिळक खरोखरच गेले. म्हणजे बघा, ज्या धर्मापायी पहिल्यांदा नवरा दुरावला, त्याच धर्माच्या आधारानं दुसरं दुःख सोसायचं होतं.

ख्रिस्ती दिलासा म्हणजे स्वर्गाचं आश्वासन, असं आपण धरून चालतो. योहानाच्या शुभवर्तमानातली लाजराची गोष्ट आठवा. मित्राला आपण उठवणार, हे येशूला ठाऊक आहे. तरीही तो रडतो. आशा आहे म्हणून रडू नये, असं तिथं कुणी म्हणत नाही.

‘स्मृतिचित्रे’मधला विनोद मी या बाजूनं वाचतो. पाठ्यपुस्तकांनी त्यातले गमतीचे प्रसंग उचलले आणि आपण बाईंना भोळ्या, विनोदी ठरवून मोकळे झालो. पण टिळक गेल्यावर त्यांचा तापटपणा, घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकणं, हे सगळं त्या हसत सांगतात. नवऱ्याचा संत करत नाहीत. गेलेलं माणूस कुणाच्या तरी हाती सुखरूप आहे, असा भरवसा असेल, तर त्याला आपण जपून, सजवून ठेवावं लागत नाही. मला त्यांच्या श्रद्धेची खूण या मोकळेपणात दिसते.

आणि कामातही दिसते. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ते महाकाव्य पुढं नेलं. १९३६ मध्ये त्या गेल्या.

माझी बायको गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘वहिनी म्हणजे देवमाणूस!’ होतीच. पण रुसली की दोन दोन दिवस बोलायची नाही, आणि तेच मला सांगायचं होतं. ऐकायला कुणी तयार नव्हतं. त्या महिन्यात मी हे पुस्तक पुन्हा काढलं.

मी ख्रिस्ती नाही. लक्ष्मीबाईंचा पुनरुत्थानावरचा विश्वास मला उसना घेता येत नाही आणि तो वजा करून त्यांचा धीर समजला, असंही मी म्हणणार नाही. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस म्हणून एवढंच सांगतो: जो दिलासा गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायला लावतो, तो फार दिवस पुरत नाही. बाईंचा पुरला.