अपघाताचे नाव आणि प्रवाशाची निवड

विमानकंपन्यांच्या सुरक्षिततेतील तरतमभाव पाहून प्रवासी आपली कंपनी निवडतो, असे गृहीतक या विषयावरील विवेचनात वारंवार आढळते. ते तपासून घेणे अवश्य आहे. कारण निवडीस दोन गोष्टी लागतात : एकाहून अधिक पर्याय आणि त्यांतील भेद सांगणारी भाषा.

पहिल्या अटीसंबंधी खानदेशाचा दाखला पुरेसा आहे. जळगावहून २०१७ मध्ये एअर डेक्कनने, २०१९ मध्ये ट्रूजेटने आणि २०२४ मध्ये फ्लाय९१ने सेवा सुरू केली. ‘उडान’ योजनेत मार्गाचा हक्क सामान्यतः तीन वर्षे एकाच कंपनीस मिळतो. धुळ्याच्या प्रवाशास तर आधी जळगाव, नाशिक वा मुंबई गाठावी लागते. अशा ठिकाणी विमानाने जावे की न जावे, एवढाच प्रश्न उरतो. कोणाच्या विमानाने, हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

दुसरी अट अधिक मूलगामी आहे. २२ मे २०१० ची दुर्घटना आपण ‘मंगळूरचा अपघात’ म्हणून आणि ७ ऑगस्ट २०२० ची ‘कोळिकोडचा अपघात’ म्हणून स्मरतो. दोन्ही विमाने एअर इंडिया एक्स्प्रेसची होती. मृत्यू अनुक्रमे १५८ व २१. दोन्ही धावपट्ट्या पठारावरील असल्याने स्थलनाम सर्वस्वी निरर्थक नाही, हे मान्य. परंतु दोन्ही चौकशी-अहवालांनी अस्थिर अवतरण चालू ठेवण्याच्या निर्णयावर बोट ठेवले आहे. अशा निर्णयामागे प्रशिक्षण आणि शिस्त असते. नावात मात्र केवळ गाव उरते. ‘अपघात झाला’, ‘विमान कोसळले’ ही अकर्मक वाक्येही उत्तरदायित्व कोणाचे, हे सांगण्यास जागा ठेवीत नाहीत.

रस्त्यावर स्थिती निराळी आहे. तेथे ‘एसटी’ आणि ‘ट्रॅव्हल्स’ असा वाहकभेद शब्दांतच रूढ आहे. तो सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी खलघाट येथे नर्मदेत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले. तथापि वाहकाचे नाव उच्चारले जाते, म्हणून त्यास जाब विचारता येतो.

एकदोन अपघातांवरून कंपन्यांची प्रतवारी लावता येत नाही. ते काम नियामकाचे होय. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमाने प्रत्यक्ष विमान चालविणाऱ्या कंपनीचे नाव कळण्याचा हक्क प्रवाशास दिला, तो याच दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. जो भेद भाषेत नोंदला जात नाही, तो निवडीत उतरेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.