पुढच्या सीटवरचे आईबाबा

आता आपण डॅन गटमन यांच्या 'द जीनियस फाइल्स' या मालिकेकडे येऊ. २०११ ते २०१५ या काळात तिची पाच पुस्तकं आली. कोक आणि पेप्सी मॅक्डोनाल्ड ही तेरावं लागायला आलेली जुळी भावंडं. (नावं खरंच हीच आहेत, हसू नका.) कोक एकदा पाहिलेलं विसरत नाही, पेप सांकेतिक मजकूर उलगडते. आईबाबांबरोबर आरव्हीतून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, कॅलिफोर्नियाहून थेट वॉशिंग्टन. वाटेत मारेकरी मागे लागलेले.

साहसकथेत आईबाबांचं करायचं काय, हा लेखकापुढचा जुना पेच. एनिड ब्लायटननं १९४६ मध्ये फेमस फाइव्हना कॅराव्हॅननं सहलीला पाठवलं, पण मोठ्यांना घरीच ठेवून. आपला फास्टर फेणे पुण्यात वसतिगृहात राहतो, म्हणजे तिथंही प्रश्न मिटला. गटमन मात्र आईबाबांना पुढच्या सीटवर बसवतात आणि तरीही त्यांना काही दिसू देत नाहीत. मुलं मरता मरता वाचून परत येतात, आणि यांचं लक्ष पुढच्या विचित्र संग्रहालयाकडे! आम्हाला हा विनोद पहिल्या पुस्तकात फार आवडला. पाचव्यापर्यंत तो नुसती सोय होऊन बसतो.

ठिकाणं मात्र खरी आहेत. पेझ गोळ्यांच्या डब्यांचं संग्रहालय खरं, विस्कॉन्सिनमधल्या 'हाउस ऑन द रॉक'ची इन्फिनिटी रूमही खरी. दरीवर २१८ फूट पुढे आलेली, खालून आधार नाही अशी ती खोली. लेखक वाचकाला इंटरनेटवरच्या नकाशावर मार्ग शोधायला लावतो. पोरगं पुस्तक बाजूला ठेवून नकाशा उघडतं, आणि मग परत पुस्तकाकडे येतं, हे थोडं नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. देशाचे प्रश्न मोठ्यांना सुटत नाहीत, म्हणून हुशार मुलं गुपचूप निवडायची, ही या मालिकेमागची कल्पना. निवडताना मुलांना कुणी विचारलेलं नसतं. हा प्रश्न किती जवळचा आहे बघा! शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं, की त्या मुलाची हुशारी घराची होते, शाळेची होते, गावाची होते. त्याची स्वतःची किती उरते? गटमन हे दार उघडतात आणि लगेच पाठलाग सुरू करतात. कोकची स्मरणशक्ती कुलूप उघडायच्या किल्लीसारखी वापरली जाते. काहीच विसरता न येणाऱ्या मुलाला, कोणीतरी आपल्याला जाळायला निघालं होतं हे रात्री आठवत नसेल? एका प्रकरणापुरती तरी त्याची झोप उडायला हवी होती. पेपच्या वाट्याला तर तेवढंही येत नाही. कोडं सुटलं की पुढचं कोडं येईपर्यंत ती भावाशी भांडत बसते. भांडणं मात्र झकास जमली आहेत, अगदी घरातल्यासारखी.