फॅनीची राणी आणि बापाची जहाजं

जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये (१८१४) दोन बोली अशा आहेत, की आजचा इंग्रजी वाचकही त्यांच्यापाशी अडखळतो. एक पत्त्यांच्या टेबलावरची, दुसरी पोर्टस्मथ बंदरातली. अभ्यासकांच्या आवृत्त्या दोन्हींना सारख्याच तळटिपा जोडतात. मला मात्र वाटतं, की ऑस्टेनने या दोन बोली अगदी वेगळ्या कामांसाठी वापरल्या आहेत. तो फरक लक्षात आला, की अनेकांना मिळमिळीत वाटणारी फॅनी प्राइस वेगळी दिसू लागते.

आधी पत्ते. पाद्री ग्रँटच्या घरी जेवणानंतर दोन डाव मांडले जातात, एक व्हिस्टचा आणि दुसरा ‘स्पेक्युलेशन’चा. या दुसऱ्या खेळात प्रत्येकाला तीन पत्ते पालथे मिळतात. सर्वांत मोठा हुकूम ज्याच्याकडे, त्याची मधली रक्कम. पण खरी मजा पत्त्यांच्या खरेदी-विक्रीत आहे. मराठीत याला मी बेलाशक ‘सट्टा’ म्हणेन. मराठी शब्दाला येणारा बाजाराचा वास मूळ शब्दालाही होताच. मेरी क्रॉफर्ड अव्वाच्या सव्वा किंमत देऊन विल्यमचा गुलाम घेते, डाव जिंकते आणि तरी तोट्यात राहते. फॅनीला नियम चटकन कळतात, पण भावाशी घासाघीस करणं तिला जमत नाही. आपली राणी ती त्याला निम्म्या किमतीतही देऊन टाकेल. हेन्री क्रॉफर्ड तिला अडवतो.

पुढे हाच हेन्री, अॅडमिरल असलेल्या काकाच्या वशिल्याने विल्यमला ‘थ्रश’ जहाजावर लेफ्टनंट करवतो आणि ती बातमी देता देताच फॅनीला मागणी घालतो. टेबलावरचा सौदा आता माणसांचा होतो. भावासाठी राणी सोडायला निघालेली फॅनी इथे भावाच्या बढतीच्या बदल्यातही स्वतःला देत नाही. पत्त्यांचा खेळ कळल्याशिवाय या नकाराचं वजन कळत नाही.

बंदरातली बोली उलट काम करते. आठ-नऊ वर्षांनी फॅनी माहेरी येते. नौसैनिकांच्या तुकडीतून निवृत्त झालेला बाप घरात शिरतो तो ‘थ्रश’ बंदराबाहेर पडल्याची बातमी घेऊनच. कुठलं जहाज कुठे नांगरलंय, कोणाच्या शेजारी उभं आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ, पण समोर उभी असलेली मुलगी त्याला आठवण करून द्यावी लागते. इथे शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. फॅनीलाही ते कळत नाहीत आणि त्या न कळण्यातच तिचं परकेपण आहे.

ही जहाजं ऑस्टेनला परकी नव्हती. फ्रान्सिस आणि चार्ल्स हे तिचे दोघे भाऊ आरमारात होते आणि फ्रान्सिसच्या जहाजांची नावं कादंबरीत घेण्यासाठी तिने १८१३ साली पत्र लिहून त्याची परवानगी मागितली होती. म्हणूनच माझी एक तक्रार आहे. विल्यम दिवाणखान्यात समुद्रावरच्या हकिगती सांगतो, त्या ऐकून हेन्रीला त्याचा हेवा वाटतो, पण आपल्या वाट्याला येतो तो नुसता गोषवारा. समुद्राची बोली ज्याच्या तोंडी शोभली असती त्याला ती मिळत नाही आणि दारूचा वास येणाऱ्या बापाला भरभरून मिळते. त्यामुळे फॅनीचं भावावरचं प्रेम आपण मान्य करतो, पण त्यामागचा माणूस पुरता उभा राहत नाही.

मराठीत ही कादंबरी आणणाऱ्याने म्हणूनच दोन नियम पाळावेत. हुकूम, गुलाम, राणी, सट्टा असे शब्द वापरून पत्त्यांचा प्रसंग पूर्ण मराठीत उतरवावा, कारण तिथे वाचकाला प्रत्येक सौदा कळलाच पाहिजे. बापाच्या बडबडीला मात्र एकही टीप देऊ नये.