अंधेरीतील ईस्ट इंडियन धर्मग्रामांचा उन्हाळा : एक चिकित्सा

मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती जीवनाविषयीचे मराठी लेखन बहुधा नाताळापाशीच थांबते. अंधेरी-मरोळ परिसरातील ईस्ट इंडियन समाजाचे सामूहिक जीवन मात्र उन्हाळ्यात अधिक स्पष्ट दिसते. लग्नसराई, अंगणात वाळणाऱ्या मिरच्या, मसाला कांडून बाटल्यांत ठासून भरणे, मे महिन्यात गावठाणातील क्रुसापाशी होणारी प्रार्थना या साऱ्यांत पावसापूर्वी कामे उरकण्याची शेतकऱ्याची घाई आहे. शेती जवळजवळ संपली तरी कामांचा क्रम तोच राहिला.

या क्रमाची नोंद ‘लोकसंस्कृतीचे जतन’ एवढ्याच सदराखाली करणे अपुरे ठरते. १५७९ मध्ये जेझुइटांनी उभारलेले संत योहान बाप्तिस्ताचे चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडले आणि धर्मग्राम मरोळला हलला. १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र स्थापन झाले व चर्चचे भग्नावशेष, दफनभूमीसह, त्याच्या कुंपणाआड गेले. तेथे मे महिन्यात होणारी वार्षिक मिस्सा ही भक्ती आहेच. शिवाय पूर्वजांच्या भूमीशी असलेले नाते जाहीरपणे सांगण्याची ती रीतही आहे.

गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी या समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. भूमिपुत्रत्व सांगण्यासाठी परक्या व्यापारी कंपनीची आठवण देणारे नाव घ्यावे लागले, हा विरोधाभासही दुर्लक्षितच राहिला. बाटलीतील मसाल्याची कृती हौसेने लिहिली जाते. मिरच्या वाळवण्याचे अंगण कोणाच्या ताब्यात गेले, याचा उल्लेख त्या लेखनात क्वचितच येतो.